मुलगा म्हणतो, "मला ते दान मिळालंच नाही"

लिंबगल्ली
रविवार, रात्री ९:१२

सलाम मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतेय, पाककृतींच्या धाग्यांवर थोडंफार लिहिलंही आहे. हा विषय वेगळा, म्हणून लिहू की नको यात आठ दिवस गेले.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर, पण जिभेला वेळ लागतोय.) सासऱ्यांच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती, मराठी मिशनचं. सासूबाई भाकऱ्या थापता थापता रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायच्या. मी स्वतः एकवीस वर्षं शब्बाथशाळा घेतली. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तिशीचा. दिवाळीच्या सुट्टीत आला होता. रविवारी म्हटलं, चल उपासनेला. तो म्हणाला, "आई, तू म्हणतेस तर येऊन बसतो. पण माझ्या आत काहीच होत नाही. तूच आमच्याकडून पाठ करून घेतलंस ना, विश्वास हे देवाचं दान आहे म्हणून? मग मला नाही मिळालं ते. त्यात माझा काय दोष?"

ते वचन इफिसकरांस पत्रातलं, २:८-९. "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." शेकडो पोरांना शिकवलं असेल मी हे. आणि माझ्याच पोराने ते असं उलटं करून माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. दान असेल तर ते सगळ्यांना का नाही? आणि द्यायचं न द्यायचं देवाच्याच हातात असेल, तर आपण शुभवर्तमान सांगत फिरायचं ते कशाला? पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करत राहा. ती करतेच आहे. रोज सकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचनही पाठवते. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

कुणाला पटवायचं नाही की कुणाशी भांडायचं नाही. ज्यांनी यावर विचार केलाय त्यांनी लिहा.

---

पानसुपारी
रविवार, रात्री ९:४०

यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून हजेरी. ताई, तुमच्या गेल्या नाताळच्या करंज्यांची कृती अजून अर्धीच आहे हो.

---

बावखल
रविवार, रात्री १०:५५

मी वसईचा, कॅथलिक. आमच्यात बाप्तिस्म्याच्या जुन्या विधीत धर्मगुरू देवळाच्या दारातच विचारायचे, "देवाच्या मंडळीकडे तू काय मागतोस?" आणि बाळाच्या वतीने धर्मपिता उत्तर द्यायचे, "विश्वास." मला हे नेहमी विलक्षण वाटतं. बाळ काही घेऊन आलेलं नाही, मागायला आलंय. आणि मागतंय तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आता तुमच्या मुलाचं. तो म्हणतो, आत काही होत नाही. पण आत काहीतरी होणं म्हणजेच विश्वास, हे त्याला कुणी सांगितलं? मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की बाईंना कित्येक दशकं आत काहीच जाणवत नव्हतं, नुसता अंधार. तरी रोज पहाटे उठून मिस्सा, आणि मग रस्त्यावरची माणसं. आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळं, मे महिन्यात तळाला जातं, म्हणून ते बावखल नाही असं कुणी म्हणत नाही. (आता ती बुजवून इमारती उभ्या राहताहेत, तो वेगळा रडगाण्याचा धागा होईल.)

---

अनुस्वार
सोमवार, सकाळी ७:३०

मी ख्रिस्ती नाही, देवाचं म्हणाल तर कुंपणावर बसलेला आहे. पण व्याकरणाचा किडा चावलेला आहे आणि या वाक्यात गंमत आहे.

"हे देवाचे दान आहे" यातलं "हे" कशाबद्दल? मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, तारण नपुंसकलिंगी. तेव्हा "हे" तारणाला जाऊन चिकटतं असं वाटतं. पण आपण "विश्वास हे दान" असंही म्हणतो, कारण "हे" पुढच्या दानाशीही जुळतं, म्हणून नुसत्या मराठीवरून नक्की ठरत नाही. मूळ ग्रीक जास्त बोलकं आहे: कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द तिथे स्त्रीलिंगी आणि "हे" मात्र नपुंसकलिंगी. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की ते "हे" एकट्या विश्वासाकडे बोट दाखवत नाही, तर कृपेने, विश्वासातून, सुटका होते या सबंध व्यवहाराकडे दाखवतं.

म्हणजे या वाक्यावरून "विश्वास नावाची वस्तू देव काहींच्या झोळीत टाकतो, काहींच्या नाही" असा अर्थ काढणं व्याकरणाला तरी झेपत नाही. ताई, तुमच्या चिरंजीवांनी वकिली चांगली केली, पण दस्तऐवज नीट वाचला नाही.

अवांतर: यावर ख्रिस्ती लोकांतच केवढी भांडणं झालीत. हॉलंडात डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये धर्मसभा भरली, ती याच प्रश्नावर. देवाची कृपा माणूस नाकारू शकतो की नाही? एका बाजूला "नाही" म्हणणारे कॅल्विनचे अनुयायी, दुसरीकडे "शकतो" म्हणणारे आर्मिनियसचे. आणि साधारण त्याच सुमारास इकडे गोव्यातल्या साष्टीत फादर स्टीफन्स, मूळचे इंग्रज, मराठी ओव्या रचून बसले होते. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, तेही रोमी लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी विचारलं होतं, आमची पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय?

---

सडेतोड७२
सोमवार, सकाळी ११:०५

>> आमची पुराणं गेली

"गेली" की नेली? साष्टीतली देवळं पाडली गेली होती, तेही लिहा की. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय बसलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. विश्वास हे देवाचं दान असेल तर त्याच्या वाटपाला तुरुंग आणि जप्ती कशाला लागते? माझा प्रश्न खवचट आहे, पण खरा आहे.

आणि "शुभवर्तमान सांगणं" म्हणजे शेवटी धर्मांतरच ना? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सांगितलंय, कलम २५ खाली धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क नाही. दुष्काळात धान्य दिलं आणि नावं बदलली, हाही आपल्याच महाराष्ट्रातला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून केवढं वादळ उठलं, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनीसुद्धा अंग काढून घेतलं.

ताईंवर रोख नाही. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे.

---

संपादक
सोमवार, दुपारी १२:२०

धर्मांतर या विषयावर आधीचे तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. मूळ प्रश्नाच्या आसपास राहा.

---

बावखल
सोमवार, दुपारी १:१०

सडेतोड, गोव्याबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. जे झालं ते वाईट झालं, आणि तुम्ही काढलेला मुद्दा आमच्याच शिकवणीतला आहे. जे दान आहे ते दटावून देता येत नाही. दटावलं की त्या क्षणी ते दान उरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, आधीच्या पोपचा दाखला देऊन, लिहिलं की मंडळी माणसं ओढून आणून वाढत नाही, आकर्षणाने वाढते. चारशे वर्षं उशिरा का होईना.

---

रानमेवा
सोमवार, रात्री ८:४८

दुष्काळाचं धान्य निघालं म्हणून लिहितो. नाहीतर मी नुसता वाचणारा.

माझा पणजा नेवाशाकडचा, महारवाड्यातला. तो ख्रिस्ती झाला तेव्हा धान्य मिळालं का? मिळालं असेल. मला लाज नाही वाटत. भुकेल्याला भाकर दिली तर ते आमिष, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलं ती परंपरा, असं गणित मला जमत नाही. आणि धान्य संपल्यावर काय राहिलं ते बघा ना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जातीची सवलत गेली. नंतर शीख आणि बौद्ध बांधवांना ती मिळाली, आम्हाला आजतागायत नाही. आमिषासाठीच आलो असतो तर आमच्या चार पिढ्या एवढा घाटा खात बसल्या नसत्या.

पण मला ताईंच्या प्रश्नातल्या एका शब्दावर बोलायचंय. "दान." हा शब्द मला सलतो. दान म्हटलं की देणारा ओट्यावर आणि घेणारा खाली, वरून टाकलेलं झेलणारा. आज्जी सांगायची, बलुतं हक्काचं असायचं, वर्षभराच्या राबण्याचं. तरी ते घ्यायला भीक मागितल्यासारखं उभं राहावं लागायचं.

रोमकरांस पत्रात (६:२३) "पापाचे वेतन मरण" आणि त्याच्यासमोर "देवाचे कृपादान" असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. आमचा बाप त्याचा अर्थ असा सांगायचा: बलुतं हक्काचं होतं आणि भिकाऱ्यासारखं घ्यावं लागलं. हे हक्काचं नाही, पण घरातल्या पोरासारखं पाटावर बसून घ्यायचं. एवढंच त्याचं ईश्वरविज्ञान. साखर कारखान्यावर होता तो.

---

सडेतोड७२
सोमवार, रात्री ९:३०

रानमेवा, पाटावर बसून घ्यायचं हे वाचून थांबलो. प्रतिवाद आत्ता करत नाही.

---

माळकरी
मंगळवार, सकाळी ६:१५

रामकृष्णहरी. तीस वर्षं वारी करतो. ताईंचा प्रश्न ख्रिस्त्यांपुरता नाही हो. रामानुजांच्या संप्रदायात यावरूनच दोन फळ्या पडल्या, मर्कट न्याय आणि मार्जार न्याय. माकडीण उडी मारते तेव्हा पिलाला तिच्या पोटाला घट्ट धरावं लागतं. मांजर पिलाला मानगुटीला धरून नेते, पिलू नुसतं लोंबतं. माणसाने देवाला धरायचं की देवाने माणसाला, हाच तो वाद.

आमच्यात यावर भांडण होत नाही, कारण आम्ही दोन्ही करतो. पंढरपूरला चालत जातो आणि वर म्हणतो, त्यानेच नेलं.

दुसरं, सांगत फिरायचं कशाला? तुकोबांनी स्वतःला हमाल म्हटलंय. भांडार फोडलंय, माल धन्याचा, मी भारवाही. हमालाने माल पोचवायचा, गिऱ्हाइकाने तो घेतला की नाही याची चिंता धन्याला.

---

लिंबगल्ली
मंगळवार, सकाळी १०:४०

माळकरी दादा, आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की ते तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आले. माझ्या सासूबाई असत्या तर तुमचा प्रतिसाद वाचून चहाला बोलावलं असतं.

रानमेवा, आमच्याकडेही कुणी उघड बोलत नाही, पण वंशावळ तीच. बरं वाटलं तुम्ही लिहिलंत.

अनुस्वार, तुमचं व्याकरण मुलाला पाठवायचा मोह झाला. पाठवलं नाही.

---

पाव्हणी
मंगळवार, दुपारी ३:२५

सडेतोड यांनी रमाबाईंचं नाव काढलं म्हणून. माझी आत्या केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे लहानपणी सुट्टीत जाणं-येणं होतं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये वाँटेजला. पण नंतर त्यांनी स्वतः लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्याची जाणीव त्यांना झाली १८९१ च्या सुमारास. म्हणजे मधली आठ वर्षं! त्या आठ वर्षांत बाई अमेरिकेला जाऊन आल्या, मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं. संस्कृत पंडिता, बायबल मुळातून वाचायला हिब्रू आणि ग्रीकशी झगडलेली बाई. तिला डोक्याने सगळं पटलं होतं आणि तरी म्हणते, मिळालं नव्हतं.

लिंबगल्लीताई, तुमचा मुलगा ज्या जागी आहे तिथे रमाबाई आठ वर्षं होत्या. फरक इतकाच की त्या वेळी त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी "मी ख्रिस्ती आहे" असंच सांगितलं असतं. तुमचा मुलगा निदान खरं बोलतोय.

शारदा सदनाचं वादळ खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलींनी बाईंच्या प्रार्थनेला बसावं की नाही यावरून ते पेटलं. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दार मी लावणार नाही. हे पुरेसं आहे का, यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत.

---

तिसरा_डबा
मंगळवार, रात्री ११:१८

वाचून गप्प बसणार होतो, पण "सांगायचं कशाला" यावर थोडा अनुभव आहे.

विशी-बाविशीत मी रेल्वे स्थानकांवर पत्रिका वाटायचो. दौंड, मनमाड, कधी कल्याण. दिवसाला पाचशे वाटायच्या असं ठरवून घेतलेलं. वहीत आकडा लिहायचो. एकदा मनमाडला एका म्हाताऱ्याने पत्रिका घेतली, चष्मा काढला, नीट वाचायला लागला आणि मला विचारलं, "बाबा, हे 'ओझ्याने लादलेले' म्हणजे कोण?" माझी गाडी सुटत होती, हातात दीडशे पत्रिका उरल्या होत्या. "त्यात खाली पत्ता आहे, पत्र टाका" म्हणालो आणि पळालो. त्या दिवशी पाचशे पुऱ्या झाल्या. त्या म्हाताऱ्याचा चेहरा अजून येतो डोळ्यांपुढे. माणूस ओझं सांगायला बसला होता आणि मी वाटप करत होतो.

टिळकांची आगगाडीतली गोष्ट ताईंना माहीतच असेल, इतरांसाठी सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा माणूस भेटला. आधी संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. मराठीला ख्रिस्तायनाचा कवी ज्याच्यामुळे मिळाला तो माणूस आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि त्याच्या वहीत त्या दिवशीचा आकडा फार तर एक.

पण मला या गोष्टीतलं लक्ष्मीबाईंचं पान जास्त जवळचं वाटतं. नवरा कवी, विद्वान, बोलण्यात पटाईत. त्यांना बायकोला पटवता आलं नाही. काही वर्षं ती वेगळी राहिली, रडली, भांडली. मग परत आली तरी तिचं सोवळं तिच्याबरोबर. ते सुटलं ते नवऱ्याच्या उपदेशाने नाही. एके दिवशी तिचं तिलाच वाटलं की देवाने माणसं केली, जाती नाही केल्या, आणि कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. शुभवर्तमान घरात रात्रंदिवस होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं तिच्या वाटेने.

"विश्वास वार्तेने होतो" असं पौल म्हणतो (रोम १०:१७), म्हणजे वार्ता ऐकू यायला हवी. म्हणून सांगायचं. देणारा वेगळा, पण ते येतं कुणाच्या तरी हातूनच. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) कसं सांगायचं तेही आहे: कुणी विचारपूस केली तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण "सौम्यतेने व भीडस्तपणाने" द्या. भीडस्तपणाने! हा शब्द मला त्या वेळी कुणी दाखवला असता तर मनमाडची गाडी चुकवली असती.

---

अनुस्वार
बुधवार, सकाळी ७:५०

तिसरा डबा, भीडस्तपणा हा शब्द चांगल्या अर्थाने आता नाहीसाच झाला, लोक उणेपणा म्हणून वापरतात. तिथे तो गुण म्हणून आलाय हे पाहून बरं वाटलं.

ताई, एक शंका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रोजच्या वचनाला "विचारपूस करणाऱ्याला उत्तर" म्हणता येईल का? रागावू नका.

---

लिंबगल्ली
बुधवार, दुपारी २:०५

रागावले. मग भाजी निवडता निवडता राग गेला.

खरं सांगायचं तर ती वचनं मी त्याच्यासाठी पाठवतेय की माझ्यासाठी, हेच कळेना. आपण आपलं काम केलं, असं वाटायला बरं असतं. तिसऱ्या डब्यातल्या वहीसारखंच की.

मार्काच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप आठवला. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." मी इतकी वर्षं शिकवताना हे मुलाच्या बरं होण्याची गोष्ट म्हणून शिकवलं. बापाला एका श्वासात दोन्ही म्हणता आलं आणि येशूने त्याला "आधी नक्की काय ते ठरव" म्हणून परत पाठवलं नाही, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मुलाचं म्हणणं त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा सध्या मी म्हणते, असं धरून चालू.

वचनं पाठवणं आजपासून बंद. बघू.

---

पानसुपारी
बुधवार, दुपारी २:४०

करंज्यांचं सारण तेवढं पाठवत राहा.

---

लिंबगल्ली
पुढचा शुक्रवार, रात्री ९:५०

धागा खाली गेला होता, मीच वर काढतेय. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नऊ दिवस काही पाठवलं नाही. हात शिवशिवायचे. सकाळी उठून फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. आज संध्याकाळी त्याचा मेसेज आला. सबंध मेसेज उतरवते: "आई, तब्येत बरी आहे ना? वचन नाही आलं."

अर्धा तास झाला, काय लिहावं सुचत नाहीये.

---

सडेतोड७२
शुक्रवार, रात्री ९:५८

तब्येत बरी आहे, एवढंच लिहा. आणि जेवलास का विचारा.